डाग

आदल्या रात्री पलंगावर सगळं मांडून बघितलं:
दोन कॅमेरे, तीन लेन्सा, फ्लॅश, लॅपटॉप,
आठ बॅटऱ्या, त्या हातातल्या बॅगेतच न्यायच्या.
आणि ड्रोन.
त्याच्या परवानगीसाठी दोन महिने मेल केले, उत्तर नाही.
तो परत कपाटात, नमाजाच्या चटईशेजारी.

लग्न मॉरिशसला.
ऑर्डर पक्की झाली तेव्हा गणपती पेठेत पेढे वाटले मी.
शेजारचे बापू कोष्टी पेढा तोंडात धरूनच म्हणाले,
"तिथं पण आपल्यातली लग्नं होत्यात व्हय?"

"कागद करून घे," ट्रॅव्हलवाल्या उपाध्यांनी बजावलं होतं.
"जाताना कस्टमला दाखव, नंबर लिहून शिक्का घे.
न्हाईतर येताना तुझ्याच कॅमेऱ्यावर
तुलाच ड्यूटी."
म्हणजे माझं ते माझं, हे
घर सोडायच्या आधी सिद्ध करायचं.
परत आल्यावर कोण ऐकतंय.

पहाटे तीन. साहेब झोपाळू, पण वाईट नव्हते.
पहिला कॅमेरा: कंपनी, मॉडेल, नंबर. लिहिलं.
दुसऱ्याचा नंबर काही दिसेना.
चौदा वर्षं तळव्याच्या घामानं घासून गेलेला.
"बिल?"
बिल एकोणीसच्या पुरात गेलं, साहेब.
दुकानात छातीइतकं पाणी होतं,
कॅमेरा डोक्यावर धरला तेवढा वाचला.
"मग हाच तो, हे ओळखायचं कशावरून?"

इथं बघा, मी म्हणालो. रबराच्या खाचेत.
पिवळं.
तासगावची, बुधगावची, कवठ्याची हळद आहे ती.
मांडवात पोरं नवऱ्याला माखतात, नवरा संपला की
तेच हात माझ्याकडं वळतात:
"दिलावरभाई, तुमी कशाला कोरडं?"
साबण लावून झाला, दातांचा जुना ब्रश लावून झाला.
जात नाही.

साहेबांनी रकाना बघितला. बोटभर रकाना.
मला एकदम जकात नाका आठवला.
अब्बा मालगावहून टांग्यातून पानं आणायचे,
कारकून ओल्या गोणपाटात कोपरापर्यंत हात घालायचा.
"किती डाग, तांबोळी?"
"दोन."
"आणि हे तिसरं?"
तिसरा मी. तापानं फणफणलेला,
पानांच्या गारव्यात निजवलेला.
कारकुनानं ओलाच हात माझ्या कपाळावर ठेवला,
म्हणाला, "ह्याला जकात न्हाई. पळवा दवाखान्यात."

साहेबांनी शेवटी लिहिलं: यलो स्टेन ऑन ग्रिप.
शिक्का मारला.
तो कागद मी पासपोर्टात घातला, मग खिशात,
मग पुन्हा पासपोर्टात.

तिकडं नवरीच्या आत्याला मराठीतले
चाळीसेक शब्द येत होते.
समुद्राचा वारा असा की मांडवाची झालर
सारखी माझ्या फ्रेममध्ये.
तिनं वाटीत बोटं बुडवली, माझ्याकडं आली,
चाळीसातला एक शब्द काढला:
"हळद."
आणि मी शूट करत असतानाच
कॅमेऱ्यासकट माझा हात माखून टाकला.

येताना वेगळे साहेब, जागे.
नंबर जुळवले, लेन्सा मोजल्या, लॅपटॉप उघडायला लावला.
मग दुसरा कॅमेरा दिव्याखाली धरून
कागदाकडं बघितलं, पुन्हा कॅमेऱ्याकडं.
"इथं एकच डाग लिहिलाय."
माझ्या मागं लाइन, पोरं रडतायत,
कुणाच्या तरी टीव्हीच्या खोक्यावरून वाद चाललेला.
"किती डाग आहेत हे?"

"दोन," मी म्हणालो.
आवाज अब्बांचा आला.

त्यांनी बोटानं नवा डाग घासून बघितला.
बोट पिवळं झालं.
ते त्यांनी पँटला पुसलं नाही, एवढं मी बघितलं,
मग बॅगेची चेन ओढायला लागलो,
ती नेहमीसारखी मध्येच अडकली.