आणि इतर

समिती सोमवारी येणार,
डीनसाहेबांना शुक्रवारपर्यंत आकडा हवा.
खांबेटे मॅडमचा.
त्या निवृत्त झाल्याला दोन वर्षं झाली,
आकडा मात्र कॉलेजनं ठेवून घेतलाय.

मी ग्रंथपाल. नेरूळला, सातव्या मजल्यावर,
खाडीकडे पाठ करून बसते
आणि कुणी कुणाचं नाव घेतलं ते मोजते.
शोधनिबंध: एकोणतीस.
उद्धरणं: चारशे बारा.
एच-निर्देशांक: आठ.
म्हणजे आठ निबंधांना जगानं
निदान आठ-आठ वेळा हाक मारली.
नववा एका हाकेनं हुकला.

चारशे बारातली दोनशे साठ
एकट्या दीड पानाच्या टिपणाची:
फुंकर मोजायच्या यंत्राची नळी
तोंडाशी किती तिरकी धरावी.
कोरियात तशी धरतात, फिनलंडमध्येही.
मॅडम म्हणायच्या,
"जन्मभर स्वयंपाक केला गं,
नाव झालं ते सांडशीचं."

मग यादीत तळाशी:
तुर्भ्याच्या दगडखाणींतील कामगारांची फुप्फुसे,
बासष्ट जणांची पाहणी.
लेखक: खांबेटे आणि इतर.
नियतकालिक बंद, संपादक वारलेले.
उद्धरणं: शून्य.
शून्य टाइप करताना माझं बोट अडखळलं वगैरे नाही.
चहा निवत होता.

मूळ वही कपाटात आहे, पाठीला कसर लागलेली.
क्रमांक अकरा. हणमंता धोत्रे, वय चौतीस,
क्रशरवर नऊ वर्षं, फुंकर एक्केचाळीस टक्के.
समासात मॅडमचं अक्षर, पेन्सिलीनं:
"बायको दाराशी उभी. आत ये म्हटलं तर म्हणते,
नको, लुगड्याची धूळ सांडंल."

ती बायको नंतर वर आली होती, माझ्याकडे.
दुर्गव्वा. वॉचमननं लिफ्ट नाही दिली, जिन्यानं.
"मॅडमनी छापल्यालं द्या. वकील मागतोय, ठाण्याला."
नऊ पानं झेरॉक्स, नऊ रुपये, वर कॉलेजचा शिक्का.
"ह्यात आमचे मालक कुठं हाईत?"
सहावं पान, तक्ता दोन, अकरावी ओळ:
पु., ३४, ९, ४१.
"नाव न्हाई?"
नाव छापत नाहीत, म्हटलं.
तिनं ओळीखाली नखानं रेघ ओढली,
कागद फाटेल की काय अशी.
"नऊ वरीस. बरोबर हाय."

मॅडम दोनदा साक्षीला गेल्या, रिक्षानं, स्वतःच्या पैशानं.
खाणमालकाच्या वकिलानं विचारलं:
हा निबंध जगात कुणी मानला? कुणी आधाराला घेतला?
"नाही," मॅडम म्हणाल्या.
एवढंच लिहून घेतलं त्यांनी.

निकाल सात वर्षांनी लागला. हवी होती त्याच्या निम्मी रक्कम,
तीही दोन हप्त्यांत.
निकालपत्राच्या चौथ्या पानावर मात्र एक वाक्य आहे:
"निशाणी सव्वीस, वैद्यकीय निबंध,
यावर अविश्वास ठेवण्याचे कारण दिसत नाही."

फॉर्मात "इतर" म्हणून रकाना आहे.
त्यात मी टाइप केलं: निशाणी सव्वीस.
तांबड्या अक्षरांत उत्तर आलं:
वैध आकडा भरा.

शुक्रवारी चारशे बारा पाठवले.
शेजारच्या कॉलेजपेक्षा कमीच, डीनसाहेबांनी कळवलं.

संध्याकाळी मॅडमना फोन लावला, पाचपाखाडीला.
हल्ली ऐकू कमी येतं त्यांना.
"किती म्हणालीस?"
"चारशे बारा!" मी ओरडले,
परीक्षेची पोरं पुस्तकांतून वर बघायला लागली.
"बारा नव्हे गं," त्या म्हणाल्या,
"अकरा. हणमंता अकरावा."