नोंद घेण्यात आली

अकरा वर्षं मी हेच वाक्य लिहिते आहे.
अहवाल मंडळासमोर ठेवला. नोंद घेण्यात आली.
कोळसा पुन्हा महागला. नोंद घेण्यात आली.
नदीनं वखारीच्या भिंतीवर रेघ ओढली,
माझ्या खांद्याएवढी, रंग दिला तरी वर येणारी,
नोंद घेण्यात आली.
कुणी घेतली, ते या वाक्यात कुठंच नसतं.
फार सोयीचं वाक्य आहे.

मी मेरेआना पाकी, कंपनी सचिव.
गोअर, न्यूझीलंडच्या पार दक्षिणेला,
चौकात भला मोठा ट्राउट मासा उभारलेलं गाव.
आम्ही दुधाची पावडर करतो.
दूध वाळवायला आग लागते, आगीला लिग्नाइट,
आणि लिग्नाइट इथं पायाखालीच,
म्हणून कुणी कधी खाली पाहिलं नाही.

मंगळवार. विषय सातवा: हवामान निवेदन.
पानं एकोणसाठ, शेवटी दोन रेघा,
दोन संचालकांच्या सह्यांसाठी.
एकीवर अध्यक्ष ग्वेंडा रडॉक,
त्यांनी पेनाचं टोपण केव्हाच काढलेलं.
दुसरीवर अलॅस्डर टलक. बावीस वर्षं संचालक, त्याआधी मेंढ्या.
यांच्या तोंडी र आला की गाडं खडीवरून गेल्यासारखं वाटतं.
आजवर एकही प्रश्न न विचारता
बशीतलं शेवटचं बिस्किट उचलून जाणारा माणूस.

वेलिंग्टनच्या वकील क्वोकबाई पडद्यावर होत्या.
म्हणाल्या, "माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय संपली.
आता विचारतील, माहीत असायला हवं होतं की नाही.
काळजी घेतली म्हणाल, तर म्हणतील, दाखवा.
कुठल्या दिवशी, कुणी, काय विचारून."
रडॉक म्हणाल्या, "सल्लागारांनी पाहिलंय ना सगळं?
मग आमच्यावर काय येणार?"
तेवढ्यात चित्र गोठलं.
क्वोकबाईंचं तोंड अर्धवट उघडं राहिलं
आणि उत्तर वाटेतच कुठंतरी.

टलक यांनी चष्मा लावला.
पान सदतीस. ओळीखाली बोट धरून, शाळकरी पोरासारखं:
"पुराचा धोका, नगण्य."
मग मान वर न करता,
"मग वखारीतली रेघ कुणाची?"

वित्तप्रमुखांनी समजावलं:
मॉडेलमध्ये ते वर्ष बाहेर राहतं.
"बाहेर," टलक म्हणाले. "ओल तर आत आहे."

कुणी हसलं नाही. हीटर मात्र खाकरला.

"मेंढीला खोड असली तर मी ती सांगून विकायचो.
भाव पडायचा. घरी बोलणी बसायची.
पण पुढच्या वर्षी गिऱ्हाईक त्याच फाटकाशी यायचं.
तो नगण्य काढा. नाहीतर माझं नाव काढा."

रडॉक यांनी घड्याळ पाहिलं. मुदत शुक्रवारची.
बँकेचा माणूस गुरुवारी.
नवा बॉयलर घ्यायचा तर दोन वर्षांचा लाभांश जातो,
जुना ठेवायचा तर पान एक्केचाळीस खोटं ठरतं.
आणि त्या जुन्या बॉयलरवर, रात्रपाळीला,
माझा भाऊ तेमुएरा आहे.
आग गेली की तो कुठं जाईल,
ते एकोणसाठ पानांत मला सापडलं नाही.
मी काही बोलले नाही.
सचिवानं बोलायचं नसतं, लिहायचं असतं.

निवेदन परत गेलं. सह्या झाल्या नाहीत.
पेनाला टोपण लागल्याचा आवाज एवढा मोठा असतो,
हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी इतिवृत्त घेऊन बसले.
बोटं सवयीनं "नोंद घे"पर्यंत गेली,
तिथून एकेक अक्षर मागं आणलं.
लिहिलं: अलॅस्डर टलक यांनी विचारलं, रेघ कुणाची.
त्याखाली, जरा थांबून:
सचिवांनी विचारलं, बॉयलरवरच्या माणसांचं काय.
हे खरं तर मी विचारलं नव्हतं.
इतिवृत्तात खोटं लिहिणं गुन्हा आहे.
म्हणून ती ओळ खोडली,
आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर, आठव्या क्रमांकाला,
माझ्या नावानं घातली.

बशीत एक बिस्किट उरलं होतं.
नरम पडलेलं. खाल्लं.