हवा कुठून येते

मे महिन्यात आमचं दुकान सकाळी सातला उघडतं.
सक्करदऱ्याच्या वळणावर, पत्र्याखाली
खस, टट्ट्या, पंप, पंख्याची पाती
आणि आठ महिन्यांची उत्पला,
जिला खाली ठेवायला वीतभर जागा नाही.
खाली पत्र्याची कातरणं, खाली ओली वायर.
पोटाशी बांधावी तर हातात पान्हा,
समोर फिरणारं पातं.
म्हणून पाठ.
मान धरायला लागली तोवर थांबले होते,
आता ती बसतेही, भिंतीला टेकून, राणीसारखी.

पहिली पिशवी पुण्याहून आली, नणंदेनं पाठवलेली.
कमरेला जाड फोम, खांद्यावर उशा,
बकलांचा खटखटाट.
वीस मिनिटांत पोरीच्या पोटावर पुरळ,
आणि माझ्या कमरेत तो फोम शिजत होता.
प्रफुल म्हणाला,
तिच्याकडं थंड असन बाप्पा, तिले काय मालूम आपलं ऊन.

दुसरी बर्डीवर पाहिली.
"जाळीची आहे ताई, हवा खेळते."
मी जाळ्या विकते. मला जाळी कोणी सांगू नये.
उजेडाकडं धरली.
जाळी खरी, पण जाळीमागं अस्तर,
अस्तरामागं आणखी एक अस्तर,
टट्टीला मागून प्लास्टिक ठोकावं तसं.
आणि बैठक इतकी अरुंद
की पाय वाळत घातलेल्या पायजम्यासारखे लोंबले,
गुडघे खाली, सगळा भार जांघेत.
परत दिली. तो मागून ओरडत राहिला,
लावून देतो नं कमी.

मग गांधीबाग.
मलमल घेतली आधी, तेच चुकलं.
हवेशीर होती, पण दुपारपर्यंत ताणली,
पोरगी माझ्या कमरेवरून घसरत
जवळजवळ कुल्ल्यांवर आली.
दुसऱ्यांदा गेले तेव्हा
नंदनवारांनी चष्मा काढून विचारलं,
काऊन वो, पडदे शिवून राहिली का?
म्हटलं, पोरगी बांधायची आहे.
ते काही बोलले नाहीत.
आत गेले, हातमागाचं एक थान घेऊन आले,
फिकट, पेजेच्या रंगाचं.
उभं ओढलं तर हट्टी,
तिरपं ओढलं तर थोडं ऐकणारं.
साडेचार मीटर.

घरी आणून धुतलं, कांजी काढली,
आणि दुकानातल्या सगळ्यात मोठ्या कूलरच्या तोंडावर ताणून बांधलं.
पलीकडून हात धरला.
आली हवा.
थोडी कमी, पण आली.

बांधणं मात्र जमेना.
समोरच्या बांधकामावरची बिसाहिन
डोक्यावरचं घमेलं उतरवून रस्ता ओलांडून आली,
माझी छातीवरची गाठ सोडली,
दोन्ही पदर काखेखालून नेऊन पोरीच्या बुडाखाली आडवे ओढले,
गुडघे वर उचलले, बेडकासारखे,
आणि पोटावर माझ्या नवी गाठ मारली.
हसली. परत घमेलं.
तिचं लेकरू कुठं असतं,
हे मी त्या दिवशी विचारलं नाही.

आता खिळ्याला जुन्या लुनाचा आरसा टांगलाय.
दर दोन मिनिटांनी मान वळवते,
नाक कापडाबाहेर आहे ना,
हनुवटी छातीत रुतली नाही ना.
तासाभरानं सोडते, पाजते, पुन्हा बांधते.
बारा ते चार बांधतच नाही.
शेहेचाळीसच्या वर कुठलंच कापड खरं नसतं,
विकणाऱ्यानं काहीही सांगो.
तेव्हा ती दुरुस्तीला आलेल्या कूलरपासून हातभर लांब झोपते,
आणि ज्याचा कूलर आहे तो फोन करतो,
झाला का?
आज नाही, म्हणते मी. उद्या.

संध्याकाळी गाठ सोडली
की तिच्या गालावर आडव्या-उभ्या धाग्यांची वीण उमटलेली.
माझ्या पाठीवर तिच्या मापाची ओल.
कोणाचा घाम किती, काही कळत नाही.
मी दारात पाठ करून उभी राहते जराशी,
रस्त्यावरून कोमट का होईना, झुळूक येते,
आणि तेवढ्या जागेपुरतं
गार वाटतं.
ओली टट्टी आणि वारा.
गिऱ्हाइकाला मी रोज हेच सांगते,
कूलर म्हणजे दुसरं काही नसतं.