सातवा रकाना

गंगावेशीच्या मागं, गवळ्यांच्या बोळात
महापालिकेचा फॉर्म घेऊन मी उभी.
ओला कचरा किती, सुका किती,
रोजचा, ग्रॅममध्ये.

हौसाक्का म्हैस धूत होती.
‘कचरा?’ म्हणाली,
जसं तिला न कळवता आलेल्या पावण्याचं नाव विचारावं.

भाकरीचा कोर म्हशीला, तांदळाचं धुवण म्हशीला.
म्हशीचं शेण भिंतीवर, शेणी होऊन वाळत.
होळीला त्यातल्या पाच पंचगंगेच्या मसणवटीत,
कुणाच्याही सरणाला, नाव न लावता.
चिंध्यांची वाकळ. वाकळ विरली की पायपुसणं.
आणि राख?
भांड्याला, बियाच्या गाडग्यात,
उरली तर मोरीकडच्या अळूला.

सहा रकाने. सगळ्यांत शून्य भरलं
तर साहेब म्हणणार, घरी बसून भरलास.

मग मला बंब दिसला.
तांब्याचा, पण तांबं कुठंच दिसत नव्हतं.
शेजारी दुधाच्या पिशव्या, चपलांचे रबरी तळवे,
खेळण्यातल्या ट्रॅक्टरचं एक चाक.
‘पाणी तापतंय न्हवं,’ ती म्हणाली,
पण आवाज जरा खाली.
भिंतीपलीकडं बागवानांची धाकटी खोकत होती.
दोघींनी ऐकलं.

प्रशिक्षणात पाठ केलेले शब्द
माझ्या जिभेवर आले
आणि तिथंच बसले.

तिनं बंबाखालची चिमूटभर राख काढून
पितळी तांब्यावर घासली.
काळा ओघळ. बोटाला चिकटणारा, डांबरासारखा.
मग चुलीतली घेतली, घासली.
तांब्यात तिचं नाक उमटलं, कुंकू उमटलं.

बराच वेळ नुसतं म्हशीचं रवंथ.
मग म्हणाली,
‘जिनं भांडं निघत न्हाई
ती राख न्हवं, बाई.
आन् जे जळून राख हुईत न्हाई
ते घरात आलंच कसं?’

आठवड्यानं गेले. बंबात चिपाडं होती.
दारामागं खिळ्याला एक पोतं,
पिशव्यांनी फुगलेलं, तोंड बांधलेलं.
शेजारी आणखी दोन.

‘तुमची गाडी कवा येती?’

घंटागाडी मिरजकर तिकटीवरनं वळते, रंकाळ्यावर जाते.
या बोळात तिचं बोनेटसुद्धा शिरत नाही.
ते फॉर्मवर कुणी विचारलेलं नाही.

मी कडेला पेनानं रेघ मारली,
सातवा रकाना केला.
त्यात लिहिलं: तीन पोती.
आणि खाली तिचं नाव नाही,
आमचं.