मेणाची बोटं

करवत चालू असताना काही कळत नसे.
तेवीस हिवाळे. रिकुबेत्सुच्या वरच्या रानात
तोदोमात्सुचे बुंधे, मांडीभर बर्फ,
आणि मनगटातून खांद्यापर्यंत चढणारी ती घरघर
जी रात्री अंथरुणातही थांबायची नाही.

मग एका सकाळी डबा उघडताना
मधलं बोट पांढरं.
दुसऱ्या पेरापर्यंत, रेघ मारल्यासारखं.
कुमागाई हसला. म्हणाला, जपून ठेव,
देव्हाऱ्यातली मेणबत्ती संपली की लावता येईल.
त्याची स्वतःची चार होती.
तो कुणासमोर हातमोजे काढत नसे.

दवाखान्यात गार पाण्यात हात, दहा मिनिटं.
डॉक्टर घड्याळाकडे बघत होते,
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे:
ऑगस्ट, समुद्र, कापलेलं कलिंगड.
पांढऱ्या मेणाचा रोग, ते म्हणाले.
कागदावर एक आकडा लिहिला.
त्या आकड्याचे पैसे अजून येतात.

बोट पांढरं असतं तेव्हा दुखत नाही.
हे सांगून कुणाला पटत नाही.
तेव्हा ते माझं नसतंच,
कुणीतरी सांभाळायला दिलेलं असतं.
दुखतं ते रक्त घरी येतं तेव्हा.
आधी निळं, मग लाल,
उशिरा आलेल्या माणसानं
दार लाथेनं उघडावं तसं.

तोमिए याबद्दल फारसं बोलली नाही.
बटणं तिनं लावली.
बियरची बाटली तिनं धरली, मी फक्त प्यायलो.
दुकानात मी नाणी सांडायच्या आत
पाकीट तिच्या हातात गेलेलं असायचं.
रात्री माझे दोन्ही हात ओढून काखेत घ्यायची,
म्हणायची, आले, बाजारातले मासे आले,
आणि तशीच झोपून जायची.
माझा खांदा अवघडायचा.
मी हलायचो नाही.

फेब्रुवारीत ती गेली. बाहेर उणे सव्वीस.
भट्टीतून ट्रे आला.
एक हाड दोघांनी मिळून उचलायचं असतं,
समोरून मिसुझुच्या काड्या, इकडून माझ्या.
काडी बोटांत आहे की नाही
हे मला बघून कळतं, धरून नाही.
मी बघत होतो. तरी सुटली.
खडू पडावा तेवढाच आवाज झाला.
तिथला माणूस आपल्या बुटांकडे बघू लागला.
मिसुझुनं टेबलाला वळसा घातला,
माझ्या मुठीवर तिची मूठ ठेवली,
लहानपणी मी तिला पेन्सिल धरायला शिकवली होती
तशी.

गाडीत कलश माझ्या मांडीवर.
पांढऱ्या कापडात गुंडाळलेला, गाठ वर.
हातमोजे कुठे राहिले होते कोण जाणे.
मी उघडेच हात त्याच्याभोवती धरले
आणि कापडातून ऊब आली.
अजून. एवढ्या वेळानंतर.

पूल ओलांडेपर्यंत बोटं निळी होती.
शाळेपाशी लाल.
मिसुझुनं आरशातून बघितलं,
बाबा, हीटर वाढवू का?
नको, मी म्हणालो.
नखांखाली सुया पेटल्या होत्या.
नको, राहू दे असंच.