तेरा नंबरचा पाना

देवगडच्या सड्यावर वारा फुकट आहे.
तरी आम्ही भिंतींच्या आत वेगळा वारा बनवतो,
ताशी तीनशे किलोमीटरचा, गाळलेला, कोरडा,
आणि त्याच्या तोंडी देतो
विमानाचा हातभर पंख.

माझं काम पंखाशी नाही.
बोटांशी आहे, कानांशी, डोळ्यांशी,
शिडीच्या तिसऱ्या पायरीशी,
खाऱ्या हवेनं आतून खाल्लेल्या बोल्टांशी,
जे बाहेरून अजून नवे दिसतात.
फाटकाशी पाटी आहे:
अपघाताविना दिवस, चारशे एकोणीस.
रोज सकाळी मी त्यात एक मिळवते.
जे घडलं नाही त्याचा पगार घेते.
आई विचारते, दिसभर करतंस काय गो?
मी सांगते, मोजते.

पोरं मागून मला टिटवी म्हणतात.
म्हणू देत.
टिटवी उघड्या कातळावर अंडी घालते
आणि कुणी वाटेनं नुसता गेला तरी
आभाळ डोक्यावर घेते.
शंभरातून नव्याण्णवदा उगाच.

रवळू धुरी, फिटर, वय त्रेपन्न.
त्याच्या कानांचा आलेख माझ्या कपाटात आहे:
चार हजार हर्ट्झपाशी कडा तुटून खाली गेलेली.
आधीची वीस वर्षं चिरेखाणीत,
तिथे कानात बोळा घालणारा भित्रा ठरायचा.

सकाळच्या सूचना मी उभ्यानं वाचते.
कुलूप लावलं. किल्ली खिशात.
जाळी तपासली. माणसं बाहेर.
आणि प्रत्येक ओळीमागे रवळू, चेहरा न हलवता,
व्हय म्हाराजा.
पहिल्यांदा मी रागावले होते.
मग लक्षात आलं, त्यामुळेच पोरांना यादी पाठ झाली.
गाऱ्हाणं तरी दुसरं काय असतं?
काय काय बिघडू शकतं ते मोठ्यानं सांगायचं
आणि बाकीच्यांनी हुंकार द्यायचा.

त्या मंगळवारी बंगळूरची माणसं आली होती.
पंखा सुरू व्हायला अकरा मिनिटं.
हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची सावली रंगवलेली आहे;
तेरा नंबरची सावली उघडी होती.
मी लाल बटण दाबलं.
संचालक अगदी हळू म्हणाले, एका पान्यासाठी, मुणगेकर?
त्यांचा हळू आवाज मला ओरडण्यापेक्षा जास्त लागतो.
सर, म्हटलं, पंखा फिरेपर्यंतच तो पाना आहे.

अडीच तास.
गुडघ्यांवर रांगत, टॉर्च घेऊन, पात्यापात्यामागे.
बाहेर पाहुण्यांना दुसऱ्यांदा कोकम सरबत गेलं.
मग रवळू आला, हेल्मेट हातात.
"मॅडम, माज्या स्कूटरच्या डिकीत आसा.
आरसो ढिलो झालेलो."

कुणी हसलं नाही. म्हणजे, लगेच नाही.
अहवालात मी लिहिलं, पाना बोगद्यात नव्हता.
नाव लिहिलं नाही.
लिहिलं असतं तर पुढचा पाना
डिकीतून कधीच परत आला नसता.
खर्चाचा रकाना संचालकांनी स्वतः भरला,
पेन दाबून, मागच्या पानावर उमटेल असा.

दुसऱ्या दिवशी रवळू नारळ घेऊन उभा.
बोगद्याच्या तोंडाशीच फोडतो म्हणाला.
इथे नाही, म्हटलं, पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर.
त्यानं फोडला. गाऱ्हाणं घातलं,
पंख्याचं, पोरांचं, माझंसुद्धा.
मी व्हय म्हाराजा म्हटलं,
आणि खाली बसून करवंटीचे तुकडे जुळवायला घेतले.
गोल पुरा होईना.

मागे सड्यावर टिटवी ओरडत सुटली होती.
रवळूला ती ऐकू येत नव्हती.
त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं
आणि तोही वाकून शोधायला लागला.