अकरा नंबर

ग्रिम्सबीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर
अठ्ठावीस टर्मिनल. नावालाच कॉम्प्युटर.
पोटात ना डिस्क, ना पंखा, ना स्वतःचं असं काही;
पडदा, कीबोर्ड, माऊस, आणि भिंतीत शिरलेली एक केबल
तळघरातल्या सर्व्हरपर्यंत.
विचार सगळा खाली. वर नुसतं दिसणं.
उंटावरून शेळ्या हाकायचा कारभार,
आणि तो उंट राखायला कौन्सिलनं ठेवलेली मी,
आठवड्यातून तीन दिवस.

पत्रं टाइप करणाऱ्यांचं काही म्हणणं नव्हतं.
तक्रार एकाचीच. अकरा नंबर, विल्फ ब्लँचर्ड,
वय एकोणऐंशी, गोदीत चाळीस वर्षं जाळी विणलेला.
तो ट्रॉलर काढायचा.
डोलकाठी, कप्प्या, दोर, जाळ्याचं उघडं तोंड,
सगळं आठवणीतून, माऊसनं.
"मी हात हलवतो," म्हणाला, "आणि रेघ मागून येते,
वाटेत चहा पिऊन आल्यासारखी."

घोडं कुठं पेंड खातंय ते शोधत
दोन संध्याकाळी तळघरात बसले.

प्रत्येक पडद्यामागे कुणीतरी हौसेनं लावलेला
डॉक टॉवरचा फोटो:
खिडकी बोटभर सरकली की तो मनोरा
विटेविटेनं पुन्हा तारेवरून चढायचा. काढला.
खिडक्यांच्या सावल्या काढल्या.
मेनू विरघळत विरघळत उघडायचे; म्हटलं, सरळ उघडा.
रंग कोट्यवधी होते, पासष्ट हजारांवर आणले,
इथल्या आभाळाला तेवढे पुरून उरतात.
आणि विल्फचा प्रोग्राम तर एकेका ठिपक्यागणिक
अख्खं चित्र नव्यानं वर धाडत होता.
त्याला शिकवलं: बदललं तेवढंच सांग.
(आमच्या कुसुमआत्याला फोनवर हे कुणी शिकवावं.)

तरी खरा चोर निघाला जिन्याखाली,
झाडूंच्या मागे, धुळीत लुकलुकणारा जुना स्विच,
सगळ्या मजल्याचं ओझं त्या एकट्याच्या गळ्यात.
गुरुवारी बदलला.

शुक्रवारी रेघ विल्फच्या हाताबरोबर निघाली.
अगदी बरोबर. पावलाला पाऊल.
आणि थरथरत होती.

मला कळायला क्षणभर लागला.
आधी उशीर व्हायचा तेव्हा सर्व्हर
मधले ठिपके गाळायचा,
लांबचे दोन पकडून सरळ जोडून टाकायचा.
तीन महिने ती संथ केबल
याच्या हाताचं झाकत होती.
हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना,
इथे हात त्याचा होता. दाखवला मी.

खाली वाकून हळूच म्हटलं,
पूर्वीसारखं करता येईल. फाइलमधला एक आकडा.
फक्त अकरा नंबरला. कुणाला कळणार नाही.

त्यानं माऊस सोडला. हात टेबलावर ठेवला.
टेबलावरही तो स्वस्थ नव्हता,
अंगठी फळीवर बारीक वाजत राहिली.
मग चष्मा वर करून पडद्याशी नाक नेलं.
"दोर चालतील," म्हणाला.
"वारा असला की दोर असेच असतात.
डोलकाठी मात्र नाही. अशा डोलकाठीवर
मी कुणाला पाठवणार नाही."

मग मी त्याला शिफ्टचं बटण दाखवलं:
हे दाबून ठेवायचं, मग रेघ सरळच जाते,
हात काहीही म्हणो.
हे त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं.
मीही नाही. मी स्विच शोधत होते.

तक्रारवहीत कारणाच्या रकान्यात लिहिलं: जिन्याखाली.
उपायाच्या रकान्यात चार ओळी, वर सांगितल्या त्या.
शेरा: काही नाही.

याला आता वर्ष होईल.
अकरा नंबरच्या कीबोर्डवर
डाव्या शिफ्टची अक्षरं पार पुसली गेलीत.